25 फुटी आरव्ही घेऊन सिल्व्हर्टनला: घाट, ब्रेक, उंची आणि वरणाचा कुकर

प्रश्न थोडक्यात असा आहे. अल्बुकर्कीहून 25 फुटी सी-क्लास आरव्ही, म्हणजे आत राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घ्यायची आहे. माणसं पाच: नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेले सत्तरीतले आईबाबा. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, हातात सात रात्री. कोलोराडोतलं सिल्व्हर्टन हे जुनं खाणगाव बघायचं आहे, पण 'मिलियन डॉलर हायवे'चे व्हिडिओ पाहून आईंनी नकार दिला आहे. एवढी गाडी तिथे नेता येईल का?

येईल. फक्त कोणत्या बाजूने चढायचं आणि किती रात्री कुठे काढायच्या, हे आधी ठरवा. दक्षिणेकडून चढा: ड्युरँगो, सिल्व्हर्टन, यूरे, याच क्रमाने. उलट्या क्रमाने जाऊ नका. कारण साधं आहे. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते. सिल्व्हर्टनहून उत्तरेला यूरेकडे उतरताना तुमची लेन डोंगराला चिकटून असते. यूरेहून दक्षिणेला निघालात की तीच गाडी दरीच्या कडेने जाते, आणि तिथे बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. हिवाळ्यात बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांना तो दरीत लोटायला मोकळी कड लागते, म्हणून कठडे बांधलेलेच नाहीत. व्हिडिओत पोटात गोळा आणणारी दृश्यं बहुतेक या बाहेरच्या लेनमधली असतात.

मिलियन डॉलर हायवे म्हणजे यूएस 550चा सिल्व्हर्टन ते यूरे हा साधारण 25 मैलांचा तुकडा. त्यातला खरा अवघड भाग यूरेच्या अलीकडची अनकम्पाग्रे नदीची घळ. पण त्याआधी ड्युरँगो ते सिल्व्हर्टन हे 50 मैलही घाटाचेच: कोल बँक खिंड 10,640 फूट, मोलास खिंड 10,910 फूट आणि मग सिल्व्हर्टन 9,318 फुटांवर, म्हणजे 2,840 मीटर. सिल्व्हर्टन सोडलं की रेड माउंटन खिंड, 11,018 फूट.

आधी माणसांची उंची, मग गाडीची

अल्बुकर्कीच साधारण 1,600 मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याएवढी उंची. ड्युरँगो 1,985 मीटर. बहुतेकांना या उंचीवर काही होत नाही. विरळ हवेचा त्रास साधारण 2,500 मीटरच्या वर झोपलं की सुरू होऊ शकतो, आणि सिल्व्हर्टन त्या रेषेच्या वर आहे. म्हणून अल्बुकर्कीला एक, ड्युरँगोला दोन आणि सिल्व्हर्टनला दोन रात्री काढा. सहावी यूरेला, ते 2,375 मीटरवर आहे, म्हणजे तिथे शरीर पुन्हा सैल पडतं.

सिल्व्हर्टनच्या पहिल्या रात्री डोकं दुखणं, भूक मंदावणं, झोप तुटणं हे नेहमीचं आहे. पहिल्या दिवशी चढ चढायचा नाही, पाणी पीत राहायचं, दारू नाही, झोपेची गोळी नाही. ऑक्सिमीटरवर 90च्या आसपास आकडा दिसला तर घाबरू नका, या उंचीवर तो तसा दिसतो. पण उलट्या थांबत नसतील, चालताना तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. मोठं रुग्णालय ड्युरँगोला, म्हणजे दोन खिंडी ओलांडून. बाबांची रक्तदाबाची किंवा लघवीची गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही हेही त्यांनाच विचारा, मनाने सुरू करू नका.

आईंसाठी तोडगा: रेल्वे

ड्युरँगोहून सिल्व्हर्टनला नॅरोगेज आगगाडी जाते. 1882च्या जुलैत ती सिल्व्हर्टनला पोचली, खाणीतलं चांदी-सोन्याचं खनिज खाली आणण्यासाठी. रुळांतलं अंतर तीन फूट. माथेरानच्या गाडीचं दोन फूट, त्यामुळे ही तिची थोरली बहीण म्हणायला हरकत नाही. 45 मैलांना साडेतीन तास लागतात. मार्ग ॲनिमास नदीच्या काठाने जातो, महामार्गाच्या वाटेने नव्हे. आईबाबा आणि नात आगगाडीने जातील, तुम्ही दोघं आरव्ही घेऊन. एका बाजूचं तिकीट मिळतं का ते बुकिंग करतानाच पाहा, आणि जाताना उजव्या हाताच्या जागा मागा, नदी आणि कडा त्या बाजूला आहे. आरव्हीला दोन तास पुरतात. म्हणजे आगगाडी यायच्या आत तुम्ही आरव्ही जागेवर लावून, वीज जोडून, कुकर चढवून मोकळे.

आगगाडी आईंना कोल बँक आणि मोलासमधून सोडवते. पुढची घळ आतल्या लेनमधून पार करायची आहे. त्याला पंचवीस मैल आणि तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यांना मागच्या डिनेटवर, म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या बाकावर, डोंगराच्या बाजूच्या खिडकीशी बसवा. पट्टा मात्र लावलेला हवा. चालू आरव्हीत उठून चहा करणं हा प्रकार घाटात बंद.

चढ

साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते. अकरा हजार फुटांवर एक तृतीयांश ताकद गेलेली असते. इंजिन चार हजार फेऱ्यांवर ओरडेल, गाडी 30 मैलांवर सरपटेल, तुम्हाला वाटेल काहीतरी बिघडलं. काही बिघडलेलं नसतं. एसी बंद करा, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा आणि मागे गाड्यांची रांग लागली की रस्त्याच्या रुंद कडेला थांबून तिला जाऊ द्या. पाठीमागच्याच्या घाईने गाडी हाकू नका.

पेट्रोल ड्युरँगोलाच भरा. कोलोराडोत पहाडी भागात 'रेग्युलर' बहुधा 85 ऑक्टेनचं मिळतं, तर भाड्याच्या आरव्हीखालच्या चेसिसला किमान 87 लागतं. म्हणजे मधल्या नळीचं घ्यायचं. चढावर ओझ्याखाली इंजिन टकटकायला लागलं तर बहुतेक वेळा हेच कारण निघतं. सरासरी आठ ते दहा मैल प्रति गॅलन धरा. टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नका. जनरेटर त्याच टाकीतून पितो आणि पाव भागाच्या आसपास तो आपोआप बंद पडतो, म्हणजे तुम्ही घाटात अडकू नये.

उतार: इथेच गाड्या बिघडतात

पाच माणसं, पाणी, सामान धरून ही गाडी पाच-सहा टनांची होते. मोलासवरून सिल्व्हर्टनला सहा-सात मैलांत सोळाशे फूट उतरायचं आहे. आपल्याकडचे ट्रकवाले घाटात जे सांगतात तेच इथे: ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. गिअरच्या दांड्यावर 'टो-हॉल'चं, म्हणजे जड ओझ्यासाठी खालचा गिअर धरणारं बटण असतं. ते खिंडीच्या माथ्यावर, उतार सुरू होण्यापूर्वी दाबा, आणि दांडा खाली घेऊन तिसरा किंवा दुसरा गिअर धरा. वेग वाढून गेल्यावर खालचा गिअर शोधायला गेलात तर उशीर झालेला असतो.

ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. 25चा वेग ठरवला असेल, तर काटा 25वर जाऊ द्या, मग ठाम दाबून तीन सेकंदांत 20वर आणा आणि पाय पूर्ण काढा. पुन्हा 25, पुन्हा 20. हलका पण सतत दाबलेला ब्रेक डिस्कला थंड व्हायला उसंतच देत नाही. आधी जळका वास येतो, मग पेडल खोल जायला लागतं, आणि ब्रेकचं तेल उकळलं की पेडल तळ न लागणाऱ्या विहिरीसारखं होतं. वास आला की पहिल्या मोकळ्या जागी थांबा, अर्धा तास थंड होऊ द्या. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क तडकते.

या भागात वळणांवर 10 ते 25 मैलांच्या पाट्या आहेत. त्या पाट्या छोट्या गाडीला उद्देशून आहेत, आरव्हीने पाच कमी धरावे. आणि शेपटीकडे लक्ष: मागच्या चाकांच्या मागे सात-आठ फूट धड लोंबतं. तुम्ही उजवीकडे वळलात की ते डावीकडे झाडू मारतं. यूरेच्या वरच्या नागमोडी वळणांत हे समोरून येणाऱ्याच्या दारात जातं. आधी सरळ पुढे जाऊन मग वळायचं, आणि वळणात मध्यरेषा ओलांडायची नाही.

खिंडी सकाळी साडेआठ ते अकराच्या दरम्यान पार करा. आधी निघालात तर सप्टेंबरात सावलीतल्या वळणांवर पहाटेचा गोठलेला ओलावा असतो. दुपारी विजा कडाडत येतात. आणि 30 फुटांपेक्षा लांब आरव्ही किंवा मागे गाडी बांधलेली असेल, तर मी हा तुकडा सुचवणार नाही. टायरचा दाब दाराच्या चौकटीवरच्या पत्र्यात दिलाय तेवढाच, थंड असताना मोजून. मागच्या जोडचाकांतलं आतलं चाक मोजायचं राहून जातं, ते मुद्दाम तपासा.

भाडेकरारात दोन ओळी शोधा: कच्च्या रस्त्याबद्दल आणि ठरावीक रस्त्यांवरच्या बंदीबद्दल. कच्च्या रस्त्यावर झालेलं नुकसान बहुतेक करारांत विम्याबाहेर असतं. छपराला फांदी लागणं आणि वाऱ्याने चांदणी (गाडीच्या बाजूचं कापडी छत) उलटणंही बहुधा तसंच. सिल्व्हर्टनला दुपारनंतर वारा फिरतो, चांदणी गुंडाळूनच गावात जा.

गोठण, गॅस, वीज

सप्टेंबरच्या मध्याला सिल्व्हर्टनची पहाट शून्याखाली जाऊ शकते. पाण्याची नळी रात्री काढून, झटकून, आत ठेवा, आणि रात्रभर गाडीच्या टाकीतलं पाणी वापरा. वीजजोडणी असेल तर लोक 1,500 वॅटचा हीटर लावून गॅसची भट्टी बंद करतात. आत ऊब राहते, पण भट्टीची गरम हवा ज्या पोकळीतून पाइपांपर्यंत जाते ती थंड पडते आणि नळ गोठतो. हीटर लावाच, पण भट्टी 10-12 अंशांवर जागी ठेवा. 30 ॲम्पिअरच्या जोडणीवर हीटर, मायक्रोवेव्ह आणि पाणी तापवणं एकदम चालत नाही, खटका पडतो.

वीजजोडणी नसलेल्या जागी भट्टीचा पंखा बॅटरीतून सात-आठ ॲम्पिअर खेचतो. थंडीच्या रात्री तो निम्मा वेळ चालला तरी सकाळपर्यंत 30-35 ॲम्पिअर-तास गेले. घरबॅटरी जुनी असेल तर पहाटे चारला भट्टी बंद, आणि आईबाबा गारठलेले. म्हणून सिल्व्हर्टनला या दोन रात्री पूर्ण जोडणीचीच जागा आरक्षित करा. जागा मोजक्या आहेत. जनरेटर झोपेत चालू ठेवायचा नाही, शेगडी पेटवून गाडी तापवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्याच दिवशी बटण दाबून वाजवून बघा.

फ्रिज कोणता आहे हे गाडी घेताना विचारा. 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर असेल तर प्रश्न नाही. गॅसवर चालणारा जुना प्रकार असेल तर साडेपाच हजार फुटांच्या वर त्याची ज्योत विझू शकते किंवा अशक्त जळते. ड्युरँगोला विजेवर रात्रभर थंड करा, सिल्व्हर्टनला पुन्हा विजेवर लावा, आणि मधल्या दोन तासांत दार उघडू नका. ही जात सपाट उभी नसेल तर थंडही करत नाही.

पाच माणसांत संडासाच्या सांडपाण्याची काळी टाकी तीन दिवसांत भरते. ड्युरँगोहून निघताना रिकामी करा: आधी काळी, मग करडी, म्हणजे साबणपाण्याने नळी धुतली जाते. घाट चढताना ताजं पाणी तिसऱ्या हिश्शापुरतंच ठेवा. 40 गॅलन पाण्याचं वजन दीडशे किलो होतं.

कुकर

सिल्व्हर्टनला पाणी साधारण साडेनव्वद अंशांना उकळतं. उघड्या भांड्यात तूरडाळ तासभर उकळली तरी दाणा राहतो. कुकर घरून न्याच. बाहेरचा हवेचा दाबच कमी असल्याने कुकरच्या आतलं तापमानही 121 ऐवजी 116च्या आसपास राहतं. डाळ अर्धा तास भिजवा आणि नेहमीपेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त द्या. भाताला वाटीमागे पाव वाटी पाणी वाढवा. चहा लगेच उकळतो पण उतरत नाही. झाकून पाच मिनिटं मुरू द्या.

फोडणी देण्यापूर्वी छताची खिडकी उघडा आणि धुराड्याचा पंखा लावा. या पंख्याला बाहेरून एक झडप असते, प्रवासात ती खटक्याने बंद केलेली असते. ती बाहेर जाऊन उघडली नाही तर पंखा नुसता घरघरतो आणि मोहरी तडतडताच अलार्म कोकलतो. आणि चिवड्याची, फरसाणाची पाकिटं या उंचीवर फुगतात. शॅम्पूची बाटली आधी हळूच उघडा, नाहीतर बॅगेत सांडेल.

गावात काय बघायचं, आणि आरव्ही कुठे ठेवायची

आरव्ही उभ्या जागीच राहू द्या. सिल्व्हर्टन एवढंसं आहे; 2020च्या जनगणनेत वस्ती 622. ग्रीन स्ट्रीट हा डांबरी मुख्य रस्ता, बाकी बहुतेक कच्चे. त्याच्या शेजारची ब्लेअर स्ट्रीट ही एकेकाळी दारूगुत्ते आणि वेश्यावस्तीची गल्ली होती. या डोंगरांवर आधी यूट लोकांचा हक्क होता. 1873च्या ब्रुनो कराराने तो गेला, आणि 1874मध्ये गाव वसलं. यूरे हे नावही यूट प्रमुखाचंच आहे. शेवटची मोठी खाण, सनीसाइड, 1991मध्ये बंद झाली. म्हणजे पन्नाशीपुढच्या गावकऱ्यांना खाणीची आठवण आहे, ती पुस्तकातली नाही.

सनीसाइडची एक हकीकत मुलीला सांगण्यासारखी आहे. 4 जून 1978ला खाणीच्या वरचं लेक एमा तळ फुटून सरळ बोगद्यांत घुसलं. दिवस रविवारचा होता, आत कुणी नव्हतं. आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी हे घडलं असतं तर पाळीतले लोक गेले असते.

गावापासून दोन मैलांवर मेफ्लॉवर मिल आहे, 1929ची. खनिज दळून, पाण्यात घुसळून त्यातला धातू वेगळा करण्याचं काम इथे 1991पर्यंत चाललं. यंत्रं जागच्या जागी आहेत. घाई असेल तर बाकी सगळं सोडा, हे बघा. खाण म्हटलं की लोकांना बोगदा आठवतो, पण दगडाचा पैसा या मिलमध्ये व्हायचा. ओल्ड हंड्रेड खाणीत छोट्या गाडीने डोंगराच्या पोटात मैलाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत नेतात. आत बाराही महिने नऊ अंश. स्वेटर आणि बंद बूट लागतातच. रस्त्याचा शेवटचा भाग कच्चा आहे, त्यामुळे आरव्ही नको.

ॲनिमास फोर्क्स हे ओस पडलेलं गाव 12 मैलांवर, सुमारे 11,200 फुटांवर आहे. तिथे भाड्याच्या जीपने जा, आणि आईबाबांची दुसऱ्या सकाळची तब्येत पाहूनच. वाटेत डोंगरात उघडी तोंडं दिसतील. आत पाऊल टाकायचं नाही: आत प्राणवायू नसू शकतो, आणि फळ्यांनी झाकलेला उभा खड्डा पायाखाली असू शकतो.

सिमेंट क्रीक या ओढ्याचं पाणी केशरी दिसेल. खडकातलं लोहयुक्त खनिज हवा-पाण्याला लागलं की आम्ल आणि गंज दोन्ही तयार होतात. डोंगर मुळातच असे आहेत, खाणींनी ते आणखी उघडे पाडले. 5 ऑगस्ट 2015ला गोल्ड किंग खाणीच्या तोंडाशी पर्यावरण खात्याचं काम चालू असताना अडून राहिलेलं 30 लाख गॅलन पाणी फुटून ॲनिमासमध्ये उतरलं आणि नदी ड्युरँगोपर्यंत पिवळीजर्द झाली. पुढच्या वर्षी हा भाग केंद्राच्या सुपरफंड स्वच्छता यादीत आला. ओढ्याचं पाणी गाळणीतूनही पिऊ नका; गाळणी जंतू अडवते, विरघळलेला धातू अडवत नाही. रेड माउंटन खिंडीपलीकडे उजवीकडे यँकी गर्ल खाणीचा लाकडी मनोरा दिसतो. तिथलं पाणी इतकं आम्लधर्मी होतं की लोखंडी पंप आणि रूळ खाल्ले जायचे.

या रस्त्याचा मूळ कर्ता ओटो मिअर्स. 1880च्या दशकात त्याने खाणींसाठी टोलरस्ता फोडला. बेअर क्रीक धबधब्याशी तेव्हा टोलनाका होता. थांबायची जागा आहे, पण आरव्हीला पुरेल एवढी जागा रिकामी दिसली तरच वळा, नाहीतर पुढे चला. धबधब्याच्या अलीकडे रस्त्यावर एक बर्फछत्र लागतं. त्या कड्यावरच्या हिमप्रपातात 1970, 1978 आणि 1992 साली बर्फ हटवणारा एकेक चालक गेला.

परत येताना

यूरेहून अल्बुकर्कीला 550नेच परतलात तर बाहेरच्या लेनमधून दरी बघत यावं लागेल. त्यापेक्षा रिजवे, डॅलस डिव्हाइड, टेल्युराइडचा फाटा, लिझर्ड हेड खिंड, डोलोरेस, कोर्टेझ असे या. तिथून शिपरॉक, फार्मिंग्टन आणि पुन्हा 550. लिझर्ड हेड 10,222 फूट आहे, पण चढ-उतार सौम्य आणि रस्ता रुंद. हे एका दिवसात होणार नाही, सातवी रात्र कोर्टेझला टाका. गाडी परत द्यायची वेळ दुपारची असेल तर सकाळी सहाला निघावं लागेल, त्यामुळे टाक्या आदल्या रात्रीच रिकाम्या करून ठेवा. सकाळच्या अंधारात सांडपाण्याच्या नळीशी झटापट कुणालाच नको असते.